सभेंतील पंधरा मिनिटें

सभेंत जावें कीं न जावें हें ज्याच्या त्याच्या इच्छेवर आहे. परंतु एकदां आंत जाऊन बसल्यावर जें योग्य असेल तें बोललेंच पाहिजे, असा आपल्या स्मृतिकारांचा कडक दंडक आहे. सभेंत बसून असत्य बोलणारा आणि सभेंत बसून मौन धरणारा या दोघांसहि त्यांनीं एकाच पंक्तीस बसविलें आहे. हा दंडक पुष्कळांना पाठ असतो. परंतु सभेंत बसलेल्या मनुष्याचे हात किती गोष्टींनीं बांधलेले असतात, त्याचा पक्ष, त्याचे स्नेही, त्याची पुढची निवडणूक, हें ज्यास ठाऊक आहे त्यासच या दंडकाची किंमत कळते. या महिन्यांत आम्ही वाचकांपुढें अशा एका बाईंचें चरित्र ठेवीत आहों, कीं ज्यांनीं हा दंडक आमच्या स्मृति न वाचतांच पाळला. त्यांचें नांव मार्गारेट चेस स्मिथ. अमेरिकेच्या सेनेट-सभेंत त्या १९४९ पासून १९७३ पर्यंत चोवीस वर्षें सभासद होत्या.

प्रथम त्या सभेची थोडी ओळख करून दिली पाहिजे. अमेरिकेच्या कायदेमंडळाचीं दोन सभागृहें आहेत. प्रतिनिधिगृहांत लोकसंख्येच्या प्रमाणांत सभासद असतात. सेनेटांत मात्र राज्य लहान असो वा मोठें, प्रत्येकाचे दोनच. १९५० सालीं राज्यें ४८ होतीं म्हणून सेनेटर ९६ होते. १९५९ पासून ते शंभर झाले. आपल्या राज्यसभेचे बहुतेक सभासद विधानसभांच्या आमदारांकडून निवडले जातात. सेनेटर मात्र १९१३ च्या घटनादुरुस्तीपासून थेट लोकांच्या मतांनीं निवडले जातात. त्यांची मुदत सहा वर्षांची. परराष्ट्रांशीं झालेले तह मान्य करणें, मंत्री व वरिष्ठ न्यायाधीश यांच्या नेमणुकांस संमति देणें, हीं कामें या सभेकडे असल्यामुळें तिचा मान फार मोठा.

या सभेंत स्त्रीनें बसावें ही कल्पनाच पुष्कळ काळ कोणास सुचली नव्हती. १९२२ सालीं जॉर्जिया राज्याच्या रेबेका फेल्टन या ८७ वर्षांच्या बाईंस मानादाखल नेमण्यांत आलें, आणि त्या एक दिवस सभासद राहिल्या. १९३१ सालीं हॅटी कॅरावे यांस पतीच्या निधनानंतर त्यांच्या जागीं नेमलें, व पुढील वर्षीं त्या निवडूनहि आल्या. अशीं तुरळक उदाहरणें सोडलीं तर स्त्री ही त्या सभेंत पाहुणीच होती. हा पाहुणेपणा कायमचा मोडला तो स्मिथबाईंनीं.

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १८९७ रोजीं मेन राज्यांतील स्कोहीगन या लहानशा गांवीं झाला. मेन हें अमेरिकेच्या ईशान्य टोंकाचें, दाट अरण्यांचें, कडक थंडीचें आणि काटकसरी लोकांचें राज्य. वडिलांचा केशकर्तनाचा धंदा होता. आईहि बाहेर काम करून संसारास हातभार लावी. सहा अपत्यांत मार्गारेट थोरली. कॉलेजचा खर्च झेपण्यासारखा नव्हता, म्हणून १९१६ सालीं शाळा संपली तीच शिक्षणाची समाप्ति झाली. आमच्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या मनुष्यास ही गोष्ट वाचून थोडा धीर येतो, हें सांगावयास हरकत नाहीं. पुढें कांहीं काळ एका खोलीच्या खेड्यांतील शाळेंत मुलांस शिकविणें, टेलिफोनच्या कचेरींत काम, मग गांवच्या साप्ताहिक वर्तमानपत्रांत नोकरी, असा क्रम चालला. १९२० सालीं अमेरिकेंतील सर्व स्त्रियांस राज्यघटनेनें मताचा हक्क दिला तेव्हां त्यांचें वय बावीस होतें. नोकरी व व्यवसाय करणाऱ्या स्त्रियांची एक संस्था त्या सुमारास निघाली. तिची गांवांतील शाखा उभारण्यांत त्या पुढें होत्या, आणि पुढें राज्यशाखेच्या अध्यक्षाहि झाल्या. सभा कशी चालवावी, हिशेब कसा ठेवावा, दोघींचें भांडण कसें मिटवावें, हें सर्व शिक्षण त्यांस तेथें मिळालें.

१९३० सालीं क्लाइड स्मिथ या स्थानिक पुढाऱ्याशीं त्यांचा विवाह झाला. पति एकवीस वर्षांनीं मोठे. १९३६ सालीं ते प्रतिनिधिगृहांत निवडून आले आणि पत्नी त्यांची चिटणीस म्हणून वॉशिंग्टनला गेली. मतदारांचीं पत्रें वाचणें, उत्तरें लिहिणें, विधेयकांचीं टांचणें काढणें हें काम त्यांनीं तीन वर्षें केलें. एप्रिल १९४० मध्यें पति हृदयविकारानें वारले. जूनमध्यें पोटनिवडणूक झाली तींत त्या निवडून आल्या. पतीच्या जागीं विधवेनें निवडून येणें ही तिकडची रूढ चाल होती, त्यामुळें त्यांत कोणास विशेष कांहीं वाटलें नाहीं. सहानुभूतीचें मत एकदां मिळतें. त्यानंतर पूर्ण मुदतीसाठीं चार वेळां त्याच मतदारसंघानें त्यांस पाठविलें तें मात्र त्यांच्या कामासाठीं.

प्रतिनिधिगृहांत त्या १९४३ पासून नौदलाच्या समितीवर होत्या. दुसऱ्या महायुद्धांत सुमारें साडेतीन लाख अमेरिकन स्त्रियांनीं सैन्याचा गणवेश घातला. युद्ध संपल्यावर प्रश्न आला कीं या स्त्रियांचें करावयाचें काय? प्रतिनिधिगृहाच्या समितीचें म्हणणें असें पडलें कीं, त्यांस राखीव दलांत ठेवावें, कायम नोकरींत घेऊं नये. समितींत मत घेतलें तेव्हां स्मिथबाईंचें एकटीचें मत विरुद्ध पडलें. त्यांचा युक्तिवाद अगदीं साधा होता : सैन्यास स्त्रियांची कायम गरज आहे कीं नाहीं? असेल तर कायम दर्जा द्या, नसेल तर राखीवांतहि ठेवूं नका. आमच्या वाचकांस हा युक्तिवाद परका वाटूं नये. कित्येक मोठ्या घरांत एखादी विधवा आत्या किंवा मावशी असे. लग्नकार्यांत, बाळंतपणांत, आजारांत तिच्यावांचून पान हलत नसे, आणि घरच्या वांटणीचा विषय निघाला कीं तीच परकी ठरे. काम आपलें आणि दर्जा परका, हा न्याय त्या समितीचा होता. अखेर कायम दर्जा देणारा कायदाच मंजूर झाला, आणि १२ जून १९४८ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं त्यावर सही केली.

त्याच वर्षीं मेन राज्यांतील सेनेटची एक जागा रिकामी होणार होती. रिपब्लिकन पक्षाच्या उमेदवारीसाठीं बाईंच्या विरुद्ध तीन पुरुष उभे होते : त्या वेळचे गव्हर्नर, त्यांच्या आधींचे गव्हर्नर आणि एक धर्मोपदेशक. पहिल्या दोघांपाशीं पैसा व पक्षाची यंत्रणा होती. बाईंपाशीं आठ वर्षांच्या कामाची नोंद आणि गांवोगांवच्या स्त्रियांचा परिचय होता. भर हिंवाळ्यांत बर्फावरून घसरून त्यांचा हात मोडला, तरी त्यांनीं दौरा थांबविला नाहीं. जूनमध्यें मतमोजणी झाली तेव्हां तिन्ही पुरुषांच्या मतांची बेरीज केली तरी ती बाईंच्या मतांपेक्षां कमी भरली. सप्टेंबरांतील मुख्य निवडणुकींत त्यांस शेंकडा ७१ मतें पडलीं. अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांत निवडून गेलेली पहिली स्त्री त्या ठरल्या. १९४९ च्या जानेवारींत त्या सेनेटांत जाऊन बसल्या तेव्हां ९६ सभासदांत स्त्री त्या एकट्याच.

आतां मुख्य प्रसंगाकडे वळूं. त्या वेळीं अमेरिकेंत मोठी धास्ती पसरली होती. १९४९ च्या ऑगस्टांत रशियानें अणुबाँबचा स्फोट केला. ऑक्टोबरांत चीनमध्यें कम्युनिस्टांचें राज्य झालें. आपल्याच घरांत फितुरी आहे काय, अशी शंका सामान्य माणसाच्या मनांत घर करूं लागली होती. ही शंका सर्वस्वीं निराधार होती असेंहि नाहीं. परंतु शंकेच्या काळांत ओरडणाऱ्याचा भाव वाढतो. विस्कॉन्सिनचे रिपब्लिकन सेनेटर जोसेफ मॅकार्थी यांनीं ९ फेब्रुवारी १९५० रोजीं व्हीलिंग येथील भाषणांत सांगितलें कीं, परराष्ट्र खात्यांत शिरलेल्या कम्युनिस्टांची यादी आपल्या हातीं आहे. त्यांनीं २०५ हा आंकडा सांगितल्याचें वर्तमानपत्रांत आलें. पुढें तो ५७ झाला, नंतर ८१ झाला. आंकडा बदलत होता, पण जीं माणसें संशयाच्या भोंवऱ्यांत सांपडलीं त्यांच्या नोकऱ्या, त्यांची अब्रू आणि त्यांचीं घरें खरोखरीच उध्वस्त होत होतीं.

स्मिथबाई स्वतः कम्युनिझमच्या कट्टर विरोधक. शिवाय मॅकार्थी त्यांच्याच पक्षाचे. म्हणून प्रथम त्यांस वाटलें कीं, हा मनुष्य इतक्या जोरानें बोलतो त्या अर्थीं त्याच्यापाशीं पुरावा असलाच पाहिजे. त्यांनीं पुरावा मागितला. जे कागद दाखविण्यांत आले त्यांवरून तो आरोप सिद्ध कसा होतो हें त्यांस कळेना. त्यांनीं पुनः विचारलें, पुनः वाट पाहिली. विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाचे लोक भयानें दबले होते, कारण जो प्रतिवाद करील त्यालाच फितुरांचा पाठीराखा ठरविलें जाई. रिपब्लिकन पक्षाचे वडीलधारे गप्प होते. कांहीं नाखुषीनें, आणि कांहीं मनांत हा हिशेब करून कीं या ओरड्यानें आपल्यास पुढची निवडणूक मिळेल. बाई तर नव्या, सभेंत दीड वर्षहि झालेलें नाहीं, आणि नव्या सभासदानें तोंड उघडूं नये असा तेथील संकेत.

१ जून १९५० रोजीं त्या बोलण्यासाठीं निघाल्या. कचेऱ्यांच्या इमारतींतून सभागृहाकडे एक लहानशी भुयारी गाडी जाते. तेथें मॅकार्थी भेटले. चर्या फार गंभीर दिसते, भाषण आहे कीं काय, असें त्यांनीं विचारलें. बाईंनीं होय म्हटलें, आणि तें तुम्हांस आवडणार नाहीं असेंहि सांगितलें. तेव्हां त्यांनीं पक्षाच्या अधिवेशनांतील विस्कॉन्सिनचीं २७ मतें आपल्या हातीं असल्याची आठवण करून दिली. हा प्रसंग बाईंनींच पुढें आपल्या पुस्तकांत सांगितला आहे.

भाषण पंधरा मिनिटांचें होतें. त्यांत मॅकार्थींचें नांव एकदांहि आलें नाहीं. आपण रिपब्लिकन म्हणून, स्त्री म्हणून, सेनेटर म्हणून आणि अमेरिकन म्हणून बोलत आहों असें सांगून त्यांनीं प्रत्येक नात्यानें एकेक गोष्ट पुढें मांडली. सेनेटर म्हणून त्यांनीं सभेच्या एका विसंगतीवर बोट ठेविलें. सभेच्या नियमाप्रमाणें एका सेनेटरानें दुसऱ्या सेनेटरावर हीन हेतूचा आरोप करूं नये. परंतु सभेबाहेरच्या सामान्य नागरिकावर तोच सेनेटर वाटेल तो आरोप करूं शकतो, आणि सभागृहांतील भाषणास कायद्याचें संरक्षण असल्यामुळें त्या नागरिकास अब्रुनुकसानीची फिर्यादहि करतां येत नाहीं. आपल्या संसदेच्या सभासदांसहि राज्यघटनेच्या १०५ व्या कलमानें असेंच संरक्षण दिलेलें आहे. तें दिलें आहे तें निर्भयपणें सत्य बोलतां यावें म्हणून. त्याच्या आड उभें राहून दुसऱ्यास दगड मारावे म्हणून नव्हे. हें तारतम्य स्मिथबाईंनीं सभेस तिच्याच तोंडावर सांगितलें.

अमेरिकन म्हणून त्यांनीं चार साधे हक्क मोजून दाखविले : टीका करण्याचा, लोकांस न रुचणारें मत बाळगण्याचा, निषेध करण्याचा आणि स्वतंत्रपणें विचार करण्याचा. हे हक्क बजावणाऱ्या मनुष्याची अब्रू किंवा पोटापाण्याचें साधन जाऊं नये, असें त्यांचें म्हणणें. रिपब्लिकन म्हणून त्यांनीं ट्रूमन सरकारच्या ढिलाईवरहि कडक टीका केली, तें सरकार बदलावें असेंच त्यांचें मत होतें. परंतु भीति, अज्ञान, हेकेखोर द्वेष आणि निंदा या चार घोड्यांवर बसून आपला पक्ष विजयास जावा अशी आपली इच्छा नाहीं, असें त्यांनीं बजावलें. आणि स्त्री म्हणून त्यांनीं जें विचारलें तें आमच्या मतें त्या भाषणाचें हृदय होय. ज्यांच्या घरच्या माणसांची या सभेंत अशी चिरफाड होते त्या आयांस, बायकांस, बहिणींस आणि मुलींस काय वाटत असेल, हा तो प्रश्न. राज्यकारभाराच्या वादांत घराचा उंबरठा असा क्वचितच आठवला जातो.

भाषणास जोडून त्यांनीं एक निवेदन ठेविलें. त्यावर आणखी सहा रिपब्लिकन सेनेटरांच्या सह्या होत्या. मॅकार्थी मागच्या बांकावर बसून ऐकत होते. ते कांहीं न बोलतां निघून गेले. मागाहून मात्र त्यांनीं या सातांची टवाळी केली : हिमगौरी आणि सहा बुटके!

येथें महाभारताच्या वाचकास द्यूतसभेची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. द्रौपदीनें प्रश्न विचारला तेव्हां भीष्मांनीं धर्माची गति सूक्ष्म आहे म्हणून उत्तर टाळलें, द्रोण-कृपांनीं माना खालीं घातल्या. बोलला कोण? धृतराष्ट्राचाच मुलगा, दुर्योधनाचा धाकटा भाऊ विकर्ण. त्यानें आपल्याच भावांच्या तोंडावर सांगितलें कीं, हें द्यूत धर्मास धरून नाहीं. आणि त्यास उत्तर काय मिळालें? कर्णानें त्यास पोर म्हणून हिणवलें; युक्तिवादाचा प्रतिवाद करण्याऐवजीं बोलणाऱ्याचें वय काढलें. सभेंतील स्त्री म्हटली कीं आपणांस द्रौपदी आठवते, पण १९५० च्या त्या दिवशीं स्मिथबाईंनीं घेतलेली भूमिका विकर्णाची होती. पीडित लोक सभेबाहेर होते. बाई त्रास देणाऱ्यांच्या पंक्तींत बसल्या होत्या आणि तेथून बोलल्या. आमच्या शिक्षकीच्या काळांत आम्हीं हेंच पाहिलें. दुसऱ्या तुकडीच्या मुलाची खोडी सांगावयास दहा मुलें धांवत येत. आपल्याच बांकावरच्या मित्रास "हें बरें नाहीं" म्हणणारा मुलगा दोन-तीन वर्षांतून एखादा दिसे.

या भाषणानें दुसऱ्या दिवशीं सर्व पालटलें असें सांगितलें तर तें असत्य होईल. चोवीस दिवसांनीं, २५ जूनला, कोरियांत युद्ध पेटलें आणि देशाचें लक्ष तिकडे गेलें. युद्धानें धास्ती वाढली आणि धास्तीबरोबर मॅकार्थींचें बळहि वाढलें. सह्या करणाऱ्या सहांपैकीं बहुतेक पुढें मंदावले. जानेवारी १९५१ मध्यें मॅकार्थींनीं आपल्या हातांतील अधिकार वापरून स्मिथबाईंस तपास-उपसमितींतून काढलें आणि त्यांच्या जागीं कॅलिफोर्नियाचे नवे सेनेटर रिचर्ड निक्सन यांस घेतलें. १९५४ सालीं बाईंच्या फेरनिवडणुकीच्या वेळीं मॅकार्थींच्या पाठिंब्यानें एक तरुण उमेदवार उभा राहिला. मेनच्या मतदारांनीं सुमारें पांचास एक अशा प्रमाणांत बाईंच्या बाजूनें कौल दिला. २ डिसेंबर १९५४ रोजीं सेनेटनें ६७ विरुद्ध २२ मतांनीं मॅकार्थींच्या वर्तनाचा निषेध केला. त्या ६७ मतांत एक मत बाईंचें होतें. भाषणापासून निषेधापर्यंत साडेचार वर्षें गेलीं.

या साडेचार वर्षांत त्यांनीं पक्ष सोडला नाहीं, ही गोष्टहि लक्षांत घेण्यासारखी आहे. निवेदनावर सही करणारे ओरेगॉनचे वेन मॉर्स १९५२ सालीं रिपब्लिकन पक्षांतून बाहेर पडले; त्यांचा मार्ग त्यांस योग्य वाटला. बाई घरांत राहिल्या आणि घरांतूनच बोलत राहिल्या. १९५९ सालीं रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं व्यापारमंत्री म्हणून ल्युइस स्ट्रॉस यांचें नांव पुढें केलें तेव्हां विरुद्ध मत देणाऱ्या दोन रिपब्लिकनांपैकीं एक त्या होत्या, आणि ती नेमणूक ४९ विरुद्ध ४६ मतांनीं फेटाळली गेली.

असें वागणाऱ्या मनुष्यास लोक ऐकून कां घेतात? आमच्या मतें याचें उत्तर त्यांच्या नित्याच्या कामांत आहे. १९५५ च्या जूनपासून १९६८ च्या सप्टेंबरापर्यंत सेनेटांत नांव पुकारून जीं मतदानें झालीं त्यांत ओळीनें २,९४१ वेळां त्या हजर होत्या. हा क्रम तुटला तो कंबरेच्या हाडाच्या शस्त्रक्रियेमुळें. सभागृहांत त्या फार बोलत नसत. आपलें मत काय पडणार हें त्या आधीं जाहीर करीत नसत. नांव पुकारलें जाईपर्यंत शेजारच्यासहि तें कळत नसे. ज्याचें बोलणें क्वचित्, त्याच्या बोलण्याकडे कान लागतात. भीड कशी ठेवीत नसत याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. १९५७ सालीं प्रसिद्ध सिनेनट जेम्स स्ट्युअर्ट यांस हवाई राखीव दलांत ब्रिगेडियर जनरल करण्याचें घाटत होतें. ते महायुद्धांत बाँबफेकी विमानें चालविलेले खरे वीर होते; परंतु युद्धानंतर राखीव दलाचें ठरलेलें शिक्षण त्यांनीं पुरेसें घेतलें नाहीं, एवढ्यावरून बाईंनीं ती बढती अडविली. नियम सर्वांस सारखा, हा मुद्दा. दोन वर्षांनीं तीच बढती मिळाली.

त्यांच्या कोटावर नित्य एक ताजा गुलाब असे. गुलाबास राष्ट्रीय पुष्प करावें असा त्यांचा आग्रह, तर इलिनॉयचे सेनेटर डर्कसेन यांचा आग्रह झेंडूसाठीं. दसऱ्याच्या दिवशीं आपणहि डर्कसेन यांच्याच बाजूनें मत दिलें असतें! अखेर १९८६ सालीं गुलाबाचा जय झाला.

जानेवारी १९६४ मध्यें त्यांनीं राष्ट्राध्यक्षपदासाठीं उभें राहण्याचें जाहीर केलें. स्त्रीनें उभें राहूं नये याचीं लोकांनीं दिलेलीं कारणें त्यांनीं एकामागून एक सांगितलीं : पैसा नाहीं, यंत्रणा नाहीं, शरीरास झेपणार नाहीं, प्रचारापायीं सभागृहांतील मतदानें चुकतील. ऐकणारांस वाटलें, बाई माघार घेत आहेत. तों त्यांनीं सांगितलें कीं, उभें न राहण्याचीं कारणें इतकीं भारी आहेत म्हणूनच आपण उभ्या राहत आहों. देणगीचे पैसे त्यांनीं परत पाठविले. जुलैमध्यें सॅनफ्रान्सिस्कोच्या अधिवेशनांत १९५० च्या निवेदनावर सही करणारे जॉर्ज एकन यांनीं त्यांचें नांव सुचविलें. मोठ्या पक्षाच्या अधिवेशनांत अध्यक्षपदासाठीं स्त्रीचें नांव रीतसर पुढें येण्याचा तो पहिलाच प्रसंग. त्यांस मतें मिळालीं २७. भुयारी गाडींत मॅकार्थींनीं ज्यांचा धाक घातला होता तीं मतेंहि तितकींच होतीं.

त्यांचीं सर्वच मतें आजच्या वाचकास पटतील असें नाहीं. अणुशस्त्रांच्या बाबतींत त्यांचा पवित्रा इतका कडक होता कीं, १९६१ सालीं रशियाचे ख्रुश्चेव्ह त्यांच्यावर जाहीरपणें संतापले. व्हिएतनामच्या युद्धासहि त्यांचा पाठिंबा होता. तथापि १ जून १९७० रोजीं, पहिल्या भाषणास बरोबर वीस वर्षें झालीं त्या दिवशीं, त्या पुनः बोलल्या. या वेळीं बोल दोन्ही बाजूंस होता : निषेधाच्या नांवाखालीं दंगा करणाऱ्या तरुणांस, आणि मतभेदास देशद्रोह समजूं लागलेल्या राज्यकर्त्यांस. अध्यक्ष तेव्हां निक्सन होते, म्हणजे पुनः स्वपक्षाचेच. १९७२ च्या निवडणुकींत, वयाच्या ७४ व्या वर्षीं, डेमोक्रॅटिक पक्षाचे विल्यम हॅथवे यांच्याकडून त्यांचा पराभव झाला. वय झालें होतें, प्रचाराची नवी तऱ्हा त्यांनीं अंगीकारली नव्हती, आणि गांवोगांवचा जुना संपर्क विरळ झाला होता. त्या गेल्यानंतर १९७३ च्या जानेवारीपासून १९७८ च्या जानेवारीपर्यंत सेनेटांत एकहि स्त्री नव्हती. २९ मे १९९५ रोजीं ९७ व्या वर्षीं, जन्मगांवीं स्कोहीगन येथेंच, त्यांचें निधन झालें. त्यांनीं सोडलेल्या जागेवर १९९७ सालीं मेनच्याच सूझन कॉलिन्स या बाई निवडून येऊन बसल्या.

आपल्याकडे पाहूं गेल्यास एक अडचण मान्य केली पाहिजे. १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या घटनादुरुस्तीमुळें पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्या सभासदाची जागा जाऊं शकते. अमेरिकेच्या सेनेटरास असें बंधन नाहीं. म्हणून आपल्या सभासदांस स्मिथबाईंच्या मापानें मोजणें अन्यायाचें होईल. तथापि मताची गोष्ट निराळी आणि पुरावा मागण्याची गोष्ट निराळी. आपल्याच मनुष्यास एकांतीं "हें तुला कोठून कळलें?" असें विचारण्यास कोणताहि कायदा आड येत नाहीं.

आणि ही गोष्ट केवळ संसदेपुरती नाहीं. प्रत्येक मोठें घर ही एक सभाच असते. रात्रीचीं जेवणें झालीं, वडील मंडळी ओटीवर किंवा दिवाणखान्यांत बसली, आणि कोणाच्या तरी मुलीचें स्थळ आलें म्हणून त्या घराची चौकशी निघाली, कीं तेथेंहि यादी वाचली जाते. त्यांच्या आजोबांविषयीं असें म्हणतात. त्या मुलीची आई तशी आहे म्हणतात. थोरल्या मुलाचें कांहींतरी झालें होतें म्हणतात. या "म्हणतात" ला कर्ता नसतो, पुरावा नसतो, आणि ज्याच्याविषयीं बोलणें चालतें तें घर उत्तर द्यावयास तेथें नसतें. एका संध्याकाळच्या या सहज बोलण्यानें एखाद्या मुलीचें लग्न दोन-दोन वर्षें लांबतें. बोलणारा बहुधा एकच असतो. ऐकणारे सात-आठ असतात, आणि त्यांच्या मौनामुळेंच त्या एकाच्या बोलण्यास वजन येतें.

अशा बैठकींत घरांतील धाकट्या सुनेनें, शिकलेल्या मुलीनें किंवा कॉलेजांत जाणाऱ्या मुलानें कसें बोलावें, याचा पाठ स्मिथबाईंपाशीं घेण्यासारखा आहे. त्यांनीं आधीं पुरावा मागितला, आणि मागून पुष्कळ वाट पाहिली. बोलल्या तेव्हां नांव घेतलें नाहीं, शिवी दिली नाहीं, विषयावर राहिल्या. स्वतःचें नेमलेलें काम इतकें चोख ठेविलें कीं, आधीं आपलें पाहा, असें म्हणण्यास कोणास जागा उरली नाहीं. बोलून झाल्यावर घर सोडून गेल्या नाहींत आणि रुसूनहि बसल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं नांव पुकारलें तेव्हां त्या आपल्या जागेवर हजर होत्या. आणि वडील मंडळींसहि आमची एक विनंती आहे. धाकट्यानें असें विचारलें तर त्याचें वय काढूं नये. पुरावा असेल तर तो सांगावा, नसेल तर विषय तेथेंच थांबवावा. थोरामोठ्यांनीं असा विषय थांबविलेला धाकट्यांनीं एकदां जरी पाहिला, तरी पुढें त्यांच्या घरांत तो सहसा निघत नाहीं.